वीस महिन्यांच्या देशी कुत्रीचे खाद्य बदलायचे आहे: काय पाहून निवडावे?

प्रश्न: कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार. आमच्याकडे चांदणी नावाची देशी कुत्री आहे. संगम माहुलीच्या रस्त्याकडेला ती सापडली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती. आता वीस महिन्यांची आहे. नवव्या महिन्यात तिचे निर्बीजीकरण झाले. वर्षाची झाली तेव्हा तिचे वजन १७.५ किलो होते आणि गेल्या आठवड्यात ते २१ किलो भरले. बरगड्या आता हाताला पटकन लागत नाहीत. शिवाय ती पंजे चाटत बसते आणि महिन्यातून दोन-तीनदा तिला पातळ शी होते.

तिला अजूनही पिल्लांचेच कोरडे खाद्य सुरू आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन मोठ्या वाट्या. ते मी आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले, तर २२० ग्रॅम निघाले. पिशवीवर प्रथिने २८ टक्के, मेद १६ टक्के, तंतू ३ टक्के आणि ओलावा १० टक्के असे लिहिले आहे. त्याखेरीज सासूबाई तिला तूप लावलेल्या दोन चपात्या आणि एक पेला म्हशीचे दूध देतात, आणि सासऱ्यांच्या चहाच्या वेळी चार बिस्किटे ठरलेली असतात. त्या दोघांचा तिच्यावर फार जीव आहे, त्यामुळे काहीही तोडून सांगणे मला जड जाते.

आमच्या घरात मांस शिजत नाही, मात्र अंडी चालतात. दुकानदाराने पंजे चाटण्याचे कारण गहू-तांदळाची ॲलर्जी असल्याचे सांगून धान्यविरहित खाद्याची पिशवी सुचवली, जी आताच्या पिशवीच्या जवळपास तिप्पट किमतीची आहे. पैसे खर्च करण्याची तयारी आहे, पण ते योग्य जागी जावेत एवढीच इच्छा आहे. प्रौढ कुत्रीसाठी चांगले खाद्य नेमके कशावरून ओळखावे? शाकाहारी खाद्य चालेल का?

उत्तर: रानवाट (बार्शी)

आमचा कारवानी जातीचा कुत्रा तीन वर्षांचा आहे आणि तो संपूर्णपणे घरच्या अन्नावर आहे. मी माझी चूक आधी सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही. पहिल्या वर्षानंतर विकतचे खाद्य बंद करून आम्ही त्याला उकडलेले चिकन, भात आणि थोडा भोपळा देऊ लागलो. कातडी चमकत होती, तो आवडीने खात होता, त्यामुळे आम्ही समाधानी होतो. सात-आठ महिन्यांनी तपासणीला नेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले की, यात कॅल्शियम कुठून येते? माझ्याकडे उत्तर नव्हते. शंभर ग्रॅम चिकनमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम फॉस्फरस असते आणि कॅल्शियम मात्र दहा-पंधरा मिलिग्रॅमच. भातात तर ते नावालाच असते. असा आहार चालू राहिला, तर शरीर ती तूट हाडांतून भरून काढते आणि प्रौढ कुत्र्यात हे वरून अनेक महिने दिसत नाही.

त्यानंतर आम्ही अंड्याची कवचे धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळून अन्नात मिसळू लागलो. एका अंड्याचे कवच साधारण ५ ते ६ ग्रॅम भरते आणि त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. चोवीस किलोच्या आमच्या कुत्र्याची दिवसाची गरज त्यात भागते. जस्त, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व यांसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेली भुकटी वेगळी असते. घरचे अन्न उत्तम होऊ शकते, पण ते ‘आपल्या ताटातले थोडे बाजूला काढणे’ नव्हे.

आणखी एक गोष्ट. कुत्र्याचे वजन डोळ्याने जोखताना जात लक्षात घ्यावी लागते. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे, आणि तरीही रस्त्यावरचे लोक आम्हाला ‘याला खायला घालत नाही का’ असे विचारतात. देशी कुत्रीही मुळात सडपातळ बांध्याची असते, त्यामुळे लॅब्राडॉरच्या मापाने तिच्याकडे पाहू नये.

उत्तर: पशुवैद्य_नाशिक

मी गेली चौदा वर्षे लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. चांदणीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येणार नाही, परंतु तुम्ही आकडे दिले आहेत, त्यामुळे हिशेब मात्र मांडता येतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग त्या हिशेबातच आहे.

तुमच्या पिशवीवर कॅलरी लिहिलेल्या नसाव्यात, पण त्या काढता येतात. प्रथिने, मेद, तंतू आणि ओलावा यांची बेरीज करून त्यात राखेचे, म्हणजे खनिजांचे, सुमारे ८ टक्के धरावेत आणि शंभरातून वजा करावेत. उरतात ती पिष्टमय द्रव्ये. तुमच्या खाद्यात ती ३५ टक्के येतात. प्रथिने आणि पिष्ट यांच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन कॅलरी, मेदाच्या ग्रॅमला साडेआठ, असा कोरड्या खाद्याचा रूढ हिशेब आहे. त्यानुसार १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५५ कॅलरी होतात, म्हणजे २२० ग्रॅममध्ये ७८०. तुपाच्या दोन चपात्यांच्या २४०, म्हशीच्या दुधाच्या २०० आणि बिस्किटांच्या १०० मिळवल्या की दिवसाला १,३०० च्या वर जातात.

आता गरज पाहू. किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ वा घात करून त्याला ७० ने गुणले की स्वस्थ बसलेल्या कुत्र्याला लागणाऱ्या कॅलरी मिळतात. साडेसतरा किलोसाठी त्या ६०० येतात. निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या १.४ ते १.६ पट, म्हणजे साधारण ८४० ते ९६० कॅलरी पुरतात, कारण शस्त्रक्रियेनंतर गरज वीस ते तीस टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. तुमच्या घरात वाटीचे माप बदलले नाही, चांदणीचे शरीर बदलले. दुकानदाराने सुचवलेली तिप्पट किमतीची पिशवी त्याच वाटीने घातली असती, तरी वजन वाढतच राहिले असते.

वजन उतरवण्यासाठी सध्या दिवसाला एकूण ६०० कॅलरींवर या, आणि त्यातील ६० पेक्षा अधिक घरच्या खाऊला देऊ नका. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के घट सुरक्षित असते; चांदणीच्या बाबतीत ती २०० ते ४०० ग्रॅम होते. तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. दर रविवारी ठरलेल्या वेळी वहीत नोंद ठेवा. ही कटकट वाटते याची मला कल्पना आहे. पण अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात, जोडी लावलेल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले आणि जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. इतका फरक पाडणारे कोणतेही औषध माझ्या कपाटात नाही.

खाद्य निवडताना पिशवीच्या पुढच्या बाजूचे चित्र पाहू नका, मागची बाजू वाचा. ‘संपूर्ण व संतुलित आहार’ आणि ‘प्रौढ कुत्र्यांसाठी’ अशी दोन्ही विधाने तेथे असली पाहिजेत. ‘पूरक खाद्य’ असे लिहिलेल्या पाकिटावर कुत्रे जगवू नये. अमेरिकेतील ॲफ्को या संस्थेच्या निकषांत प्रौढ कुत्र्यासाठी ओलावा वगळून किमान १८ टक्के प्रथिने आणि साडेपाच टक्के मेद सांगितला आहे, तर पिल्लांसाठी साडेबावीस आणि साडेआठ. हे किमान आकडे आहेत. वजन उतरवताना कुत्रा कमी ग्रॅम खातो, म्हणून मी चांदणीसाठी २४ ते २८ टक्के प्रथिने आणि दहाच्या आसपास मेद असलेले प्रौढांचे खाद्य पाहीन. २४ टक्के प्रथिने, १० टक्के मेद आणि ४ टक्के तंतू असलेल्या खाद्यात सुमारे ३२० कॅलरी येतात, म्हणजे दिवसाला १६५ ते १७० ग्रॅम पुरे. ओलावा वगळण्याचे महत्त्व ग्रेव्हीच्या पाऊचवरून कळते: त्यावर ८ टक्केच प्रथिने दिसतात, पण ऐंशी टक्के पाणी बाजूला काढले की तेच प्रमाण ४० टक्के होते.

धान्याविषयी. कुत्रा लांडग्याचा वंशज असल्यामुळे त्याला धान्य पचत नाही, हे म्हणणे टिकत नाही. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळल्या; २०१३ मधील संशोधनाने हे दाखवले. माणसाच्या शेतीच्या सोबतीने बदललेला हा प्राणी आहे, आणि आपल्याकडच्या देशी कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या भाकरीवर वाढल्या आहेत. उलट, वाटाणा, मसूर किंवा बटाटा मुख्य घटक असलेले धान्यविरहित खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांत हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होत असल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये इशारा दिला होता. कारण निर्विवाद ठरलेले नाही, तरीही गरज नसताना त्या वाटेने जाण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

पंजे चाटण्यासाठी प्रथम गोचीड, पिसवा आणि बोटांच्या बेचक्यांतील बुरशी तपासून घ्या. अन्नाची ॲलर्जी असलीच, तर ती बहुतेक वेळा गोमांस, दूध, चिकन अशा प्रथिनांची असते. गव्हाची असते, पण त्याहून कमी वेळा. तिची खात्री करण्यासाठी किमान आठ आठवडे एकाच निवडक आहारावर ठेवावे लागते आणि त्या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा चालत नाही. पातळ शी होण्यामागे मला दुधाचा संशय अधिक आहे, कारण प्रौढ कुत्र्याच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे विकर कमी असते. दूध आजच थांबवा आणि पंधरा दिवस फरक पाहा. साताऱ्याहून शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय दूर नाही, तेथे त्वचेची तपासणी होऊ शकेल.

शाकाहारी खाद्याबद्दल माझे मत असे आहे की, वाढत्या पिल्लाला मी ते देणार नाही. प्रौढ कुत्र्याला ते संपूर्ण आहार म्हणून तयार केलेले असेल आणि घरात अंडी चालत असतील, तर देता येते. कुत्रा मांजराप्रमाणे मांसावाचून अडत नाही. टॉरीन हे हृदयाला लागणारे अमिनो आम्ल तो स्वतः तयार करतो, पण त्यासाठी लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले डाळींत कमी असतात आणि अंड्यात भरपूर असतात. चपाती-दूध किंवा दही-भात मात्र शाकाहारी संतुलित आहार ठरत नाही. ‘ती दिवसभर उन्हात बसते’ हाही उपाय नाही, कारण कुत्र्याच्या त्वचेत उन्हाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते.

उत्तर: अंगणजाई (रत्नागिरी)

वरील उत्तर वाचून एवढेच जोडावेसे वाटते की, पावसाळ्यात सुट्टे खाद्य घेऊ नका. आमच्याकडे दुकानांत मोठी पिशवी उघडून किलोवर विकतात, आणि कोकणातल्या दमट हवेत त्यावर डोळ्यांना न दिसणारी बुरशी धरते, जिचे विष यकृतावर जाते. महिनाभरात संपेल एवढीच बंद पिशवी आणावी आणि ती पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवावी, म्हणजे मुदतीची तारीखही हाताशी राहते.

आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कृपया तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती दाणे सुरक्षित आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही. कांदा-लसणाची आमटी भातावर ओतून देणेही तसेच घातक आहे. आमच्या शेजारी हे प्रेमापोटी घडले होते, म्हणून लिहिते आहे.

कृष्णाकाठ (सातारा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी बेरजेचा कागद सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “मग मी तिला काहीच द्यायचं नाही का?” हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते, कारण चांदणीने त्यांच्या हातून खाणे हा त्या दोघींच्या दिवसाचा भाग आहे आणि मला तो तोडायचा नाही.

दूध आजपासून बंद केले आहे. प्रौढांच्या खाद्याची तीन किलोची पिशवी आणली: प्रथिने २५, मेद १०. ते किती दिवसांत बदलावे?

पशुवैद्य_नाशिक

सासूबाईंना जरूर देऊ द्या. अर्धी चपाती, तीही तुपाशिवाय, सुमारे ५० कॅलरींची होते. तिचे दहा तुकडे करून त्या दिवसभरात दहा वेळा देऊ शकतात. कुत्र्याला तुकड्याच्या आकारापेक्षा किती वेळा हाक मारून दिले, याचा आनंद अधिक असतो. चपातीऐवजी काकडी किंवा वाफवलेल्या फरसबीचे तुकडे दिले, तर मोजण्याचीही फारशी गरज नाही. उकडलेले अंडे दिले, तर त्याच्या ७० कॅलरी होतात. त्या दिवशी चपाती नको आणि खाद्य थोडे कमी घाला. सासऱ्यांनी बिस्किटाऐवजी तिच्याच १७० ग्रॅममधील मूठभर दाणे चहाच्या टेबलावर वेगळ्या वाटीत ठेवावेत.

खाद्य आठ-दहा दिवसांत बदला. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे, नंतर निम्मे, नंतर पाऊण. मध्येच शी पातळ झाली, तर पुढे न जाता त्याच टप्प्यावर दोन दिवस थांबा. रक्त पडले, उलट्या होऊ लागल्या किंवा तिने एक पूर्ण दिवस खाल्ले नाही, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. चार आठवड्यांनी वजनाचे आकडे येथे कळवा. घट आठवड्याला २०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ग्रॅम पुन्हा मोजून ठरवू.