उ: लाल टोपीवाले श्रायनर्स

वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या या बंधुसंघटना (सभासद एकमेकांना भाऊ मानतात अशा मंडळ्या) म्हणजे नुसत्या विचित्र टोप्या आणि मिरवणुका. श्रायनर्स ही त्यांतलीच एक, आणि तिची सुरुवात खरंच तशी होती! १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या काही फ्रीमेसन (एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद) मंडळींनी मौजमजेसाठीच ही संघटना काढली. पण १९२० मध्ये पोर्टलंडच्या अधिवेशनात मुलांच्या रुग्णालयासाठी दर सभासदाकडून वर्षाला दोन डॉलर घ्यायचं ठरलं आणि १९२२ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला मुलांचं अस्थिरोग (हाडांच्या विकारांचं) रुग्णालय उघडलं. पोलिओ, वाकडे पाय यांवर उपचार. पुढे लस आल्यावर पोलिओ ओसरला, तेव्हा १९६० च्या दशकात श्रायनर्स भाजलेल्या मुलांच्या उपचारांकडे वळले. मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आता ते विमा असल्यास स्वीकारतात, पण पैसे नाहीत म्हणून मूल परत पाठवत नाहीत.