रिसेल करतो, बिल्डरचे फ्लॅट विकायला महारेरा नोंदणी लागेल का?

पिंपरीकर: जुन्या सोसायट्यांतले रिसेल आणि भाड्याचे व्यवहार करतो. आता ताथवड्यातला एक बिल्डर २ टक्के ब्रोकरेजवर नवा प्रकल्प देतोय. प्रकल्पाचा रेरा नंबर अजून यायचाय, तोवर गिऱ्हाइकांचे चेक घेऊन ठेवा म्हणतो. माझी महारेराकडे (राज्याचं बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) एजंट म्हणून नोंदणी नाही. खर्च किती, आधी काय करू?

कलमबहाद्दर: रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा. त्यातलं एजंटच्या नोंदणीचं कलम ९ रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीला लागतं. जुन्या सोसायटीतला रिसेल आणि भाडं त्यात येत नाही, म्हणून आजवर निभावलं. इथे नोंदणी हवीच. नसली तर कलम ६२ खाली रोज १०,००० रुपये दंड, तो चढत चढत फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो.

फाइलवाला: आधी प्रमाणपत्र, मग अर्ज. महारेराने नेमलेल्या संस्थेकडे २० तासांचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन परीक्षा. मराठीतूनही देता येते, ४० टक्क्यांना पास. मग महारेराच्या संकेतस्थळावर पॅन, आधार, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा. पत्ता कागदोपत्री एक आणि बोर्ड दुसरीकडे, असलं काही ठेवू नका. फी एकट्या व्यक्तीला १०,०००, फर्म किंवा कंपनीला १ लाख, त्यामुळे भावाला हौसेने भागीदार करू नका! मुदत ५ वर्षं. नोंदणी महाराष्ट्रापुरतीच, गोव्यातल्या प्रकल्पासाठी तिथल्या रेराकडे वेगळी.

साइटव्हिजिट: फी राहू द्या, गोम त्या चेकमध्ये आहे. नोंदणी झालेल्या एजंटलाही बिननंबरी प्रकल्प विकता येत नाही, कलम १० वाचा. कलम ३ तर जाहिरात आणि बुकिंगही नंबर येईपर्यंत अडवतं. टोकन म्हणा, परतीची रक्कम म्हणा, काही फरक पडत नाही. सूट फक्त ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा ८ पर्यंत घरांना. ताथवड्यातला टॉवर त्यात बसणार आहे का?

पिंपरीकर: नाही, तीन विंग आहेत. नंबर आला की लगेच सुरू करू?

साइटव्हिजिट: तुमचाही नंबर हातात पाहिजे. मग संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा: मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, ताब्याची तारीख. ब्रोशरमधला कार्पेट एरिया तिथल्या आकड्याशी ताडून बघा. क्लबहाऊस नकाशात नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडीसुद्धा सांगू नका, कारण खोट्या माहितीची तक्रार एजंटवरही होते. ब्रोकरेजचं पत्र बिल्डरकडून लेखी घ्या, त्यात दोन्ही नंबर टाकून.