अनुभव धागा: जुना छोटा हत्ती किंवा पिकअप घेताना नेमकं काय तपासायचं?

कापसाची वेचणी अर्ध्यावर आली, सोयाबीनचे पैसे हाती पडले, की आपल्याकडं जुन्या मालगाड्यांची विचारपूस सुरू होते. छोटा हत्ती (टाटा एस), अशोक लेलँडचा दोस्त, महिंद्राची बोलेरो पिकअप, कुठं कुठं टाटा २०७. बहुतेक गाड्या आठ ते चौदा वर्षं चाललेल्या, म्हणजे बीएस-३ किंवा बीएस-४ या धुराच्या जुन्या नियमांच्या. घेणारा कास्तकार रंग पाहतो, टायर पाहतो, एक चक्कर मारतो आणि इसार देऊन मोकळा होतो. गाडीखाली झोपणारे, इंजिन उघडणारे आणि कागद करणारे, तुम्ही इथं लिहा. "मिस्त्री सोबत न्या" एवढंच लिहू नका. मिस्त्री काय पाहतो तेच हवं आहे.

कारंजा (लाड), वेल्डिंग आणि चेसिसचं काम

इंजिनाकडं शेवटी जा, आधी गाडीखाली झोपा. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सडलेल्या किंवा चिरलेल्या चेसिसवर केलेला खर्च मात्र परत येत नाही.

आपल्याकडं समुद्राची खारी हवा नाही, म्हणून गाडी गंजत नाही अशी समजूत आहे. ती चूक आहे. चेसिसची पन्हाळ आतून उघडी असते आणि पावसाळ्यात पांदणीनं चाललेल्या गाडीच्या त्या पन्हाळीत काळी माती ठासून बसते. वरून वाळलेली दिसते, पण आत हिवाळाभर ओल धरून ठेवते. जाड स्क्रूड्रायव्हर खुपसून एक ढेकूळ सोडवा आणि त्याची लोखंडाला लागून असलेली बाजू पाहा. नुसती माती असेल तर ठीक. तांबूस-काळा पापुद्रा ढेकळाला चिकटून आला, तर त्या जागी हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे, बद्द आला तर पत्रा पातळ झालेला आहे.

चीर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: केबिन संपते तिथं लगेच मागं, मागच्या पाट्यांच्या (अ‍ॅक्सलवरच्या लोखंडी कमानीच्या पट्ट्यांच्या) पुढच्या हँगरभोवती, आणि आडव्या मेंबरच्या रिबिटांपाशी. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. शंका आली तर ती जागा घासून डिझेल लावा, दोन मिनिटांनी फडक्यानं अगदी कोरडी पुसा आणि वर पांढरा खडू घासा. चिरेत शिरलेलं डिझेल पाच-दहा मिनिटांत खडूवर ओली रेघ होऊन उमटतं.

पट्टी मारलेली चेसिस लगेच नाकारू नका, पट्टीचं टोक पाहा. टोकं तिरकी कापलेली असतील तर ताण वाटला जातो. सरळ चौकोनी तुकडा आडवं वेल्डिंग करून लावला असेल, तर पुढची चीर त्याच्याच कडेला निघणार. आणि बाकी गाडी धुळीत असताना चेसिसला मात्र ताजा काळा रंग असेल, तर तो कशासाठी मारला ते आधी विचारा.

मग टेप घ्या. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक सेंटीमीटरच्या पुढं गेला, तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला असेल किंवा गाडी ठोकलेली असेल. पाटे मोजा, त्याच मॉडेलच्या न छेडलेल्या गाडीशी ताडून पाहा. वाढीव पाटा टाकलेला दिसला की समजा, ही गाडी रोज पासिंगपेक्षा (कागदावर मंजूर वजनापेक्षा) जास्त माल ओढत होती. पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाची आहे, पण गिट्टी-रेतीच्या कामावरची गाडी त्यावर थांबत नाही.

मेहकर, कृषी केंद्राची वाहतूक

वरच्या प्रतिसादात एक जोड. मागच्या डाल्यात अंथरलेली ताडपत्री किंवा रबराची मॅट काढायला लावा. युरिया आणि पोटॅशची पोती वाहणाऱ्या गाडीचा तळ खतानं खाल्लेला असतो. फाटक्या पोत्यातलं खत जोडांमधून खाली गळतं आणि हवेतली ओल ओढून पाझरतं. डाल्याचा पत्रा बदलता येतो, त्याची भीती नाही. भीती खाली जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी पाइपाची आहे. मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा तो पाइप बोटानं चाचपा. फोड आल्यासारखा खडबडीत लागला, तर नवीन पाइपाचा खर्च किमतीतून कापा आणि तो बदलेपर्यंत माल भरू नका.

दर्यापूर, रेडिएटर दुरुस्ती

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली गाडी असेल तर इंजिनाच्या आधी पाणी पाहा. इथलं बोअरचं पाणी खारं आहे. कूलंट संपला की चालक तेच ओततो. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाणवाटांत बसतात. हिवाळ्यात कळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढं गेला आणि गाडी भरलेली असली, की काटा चढतो.

इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा. गरम असताना कधीच उघडू नका, अंगावर वाफ येते. आत हिरवा किंवा लाल कूलंट दिसायला हवा. गढूळ तांबडं पाणी म्हणजे आत गंज. झाकणाच्या रबराभोवती पांढरी खरवड म्हणजे क्षार. वर तेलाचा तवंग असेल तर तिथंच थांबा. आता झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर प्रत्येक वेळी बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतो आहे: हेड गॅस्केट गेलं आहे किंवा हेडला चीर आहे.

इंजिन तापल्यावर पंख्यापासून हात लांब ठेवून रेडिएटरच्या जाळीवर हाताचा अंदाज घ्या. वर गरम, खाली थंड असा हळूहळू उतरता फरक बरोबर. मधेच एखादा थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे का, तेही विचारा. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून कित्येक जण तो काढतात. मग हिवाळ्यात इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं आणि लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) लवकर झिजतात.

पुसद, डिझेल पंप आणि इंजिन

कारंजाच्या भाऊंचं चेसिसबद्दल सगळं पटलं, पण क्रम माझ्या मते उलटा हवा. इंजिन थंड असतानाच खरं बोलतं, म्हणून पहिलं तेच. विकणाऱ्याला सांगून ठेवा की सकाळी तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्याबरोबर इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या आणि मग सेल्फ मारा. चांगली गाडी एका-दोन सेल्फमध्ये उचलते. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर अर्ध्या मिनिटात गेला तर चालतं. तो टिकला तर कॉम्प्रेशन कमी आहे, इंजेक्टर खराब आहे किंवा टायमिंग चुकलेलं आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं. काळा धूर भरल्या गाडीनं चढावर थोडा दिला तर जुन्या मेकॅनिकल पंपाला माफ. रिकाम्या गाडीनं दिला तर आधी एअर फिल्टर पाहा, मग इंजेक्टर.

आता ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्याच तोंडावर उलटं, नुसतं ठेवा. इंजिन रिकामं चालू द्या. झाकण किंचित थरथरेल, ते ठीक. नाचून खाली पडलं, तोंडातून फक-फक करत धूर येऊ लागला, तर रिंग-पिस्टन गेलेले आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला साय जमल्यासारखं पांढुरकं काही दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी आहे. नुकतंच ओतलेलं जाड ऑइल धूर आणि आवाज दोन्ही लपवतं, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून पाहा. दहा वर्षांच्या डिझेल इंजिनात सोनेरी ऑइल म्हणजे ते कालच बदललेलं.

छोट्या हत्तीच्या पहिल्या ७०२ सीसी इंजिनाला दोनच सिलिंडर आहेत, त्याची थरथर स्वभावाचीच. मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका, फक्त माउंटिंगचं रबर फाटलं नाही ना ते पाहा. सिलिंडर वेगळे तपासायचे तर मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट पाव फेरा सैल करतात. जो सैल केल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हे कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल जातं तिथं, कधीही करू नका. दोस्तचं १४७८ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन, महिंद्राची मॅक्सिमो, नंतरचे बोलेरो पिकअप, या सगळ्यांच्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. ती धार कातडीच्या आत शिरते. तिथं इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावून पाच मिनिटं इंजिन चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल साठलं, तर तो इंजेक्टर झिजलेला आहे. ड्रममधलं, न गाळलेलं डिझेल वापरलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. टर्बो असेल तर हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवा. आजूबाजूला बारीकसा खेळ असतो, पण पुढं-मागं हलता कामा नये आणि पातं घराला घासलेलं नको.

वरूड, संत्रा वाहतूक, चालक

रिकामी गाडी चालवून काई समजत नाही भाऊ. सिमेंटचे बारा पोते टाका, सहाशे किलो झाले, आन् मंग चालवा. पिकअप असन तर वीस पोते टाका.

हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. बंद न पडता घुरघुरत राह्यलं त क्लच प्लेट गेली. उतारावर दुसऱ्या गिअरमंधी अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढा. गिअर सुटून न्यूट्रल होत असन त गिअरबॉक्स खोला लागते. मागून कूंऽऽ असा आवाज फक्त अ‍ॅक्सिलेटर देल्यावर येते का पाय काढल्यावर, ते ध्यानात ठेवजा. देल्यावर येत असन, सोडल्यावर बदलत असन, त क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर). सारखाच येत असन, गाडीच्या वेगासंगं वाढत असन, त चाकाचं बेअरिंग. गाडी निघताना टक् वाजली त प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, ते स्वस्तात होते, त्याच्यावरून सौदा मोडू नका.

चढ जवळ नसन त शोधा. परतवाड्याकडचे लोक चिखलदऱ्याचा घाट दाखवतेत, ते बरोबर करतेत. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू द्या आन् काटा पाहा.

वणी, टायर आणि पुढचा अ‍ॅक्सल

पुढचं चाक जॅकवर उचला. वर आणि खाली धरून हलवा. खेळ आला तर सोबतच्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बुश. ज्या पिकअपला पुढं किंगपिन नाही, तिथं तोच खेळ बॉल जॉइंटचा समजा. डावी-उजवी बाजू धरून खेळ आला तर टाय-रॉड. कोळशाच्या आणि गिट्टीच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत ग्रीस निपलच दिसत नाहीत, इतकी धूळ बसते. निपल कोरडे असतील तर किंगपिन धरूनच चाला.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी टायर सात-आठ वर्षांचा असेल आणि कडेला बारीक भेगा असतील, तर तो आपल्या उन्हाळ्यात फुटतो. छोट्या हत्तीची चाकं १२ इंची, जास्त फिरतात, जास्त तापतात. तिथं यात सूट नाही.

यवतमाळ, आरटीओची कामं

चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडा. टाटाचा नंबर एमएटी, महिंद्राचा एमए१, अशोक लेलँडचा एमबी१ या अक्षरांनी सुरू होतो, एकूण सतरा अक्षरं. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्यानं जोडलेला नको. इंजिन नंबरही पाहा. इंजिन बदललेलं आणि आरसीवर नोंद नाही, अशा गाड्या फार आहेत आणि फिटनेसला अडकतात.

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी, कर आणि बोजा पाहा. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचा असतो, त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो आणि पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फी बरीच वाढते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, त्याचं एक कारण हेच. थकलेली ई-चलनं वेगळी पाहा, ती गाडीसोबत येतात.

फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचं ना-हरकत हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. पांढुर्णा, बैतूल किंवा आदिलाबादकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना-हरकत, इथला कर आणि पुढं इथला नंबर, एवढं सगळं धरून किंमत करा. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. आरसीवरचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. पुढं असेल तर परमिटचा कागदही मागा.

हिंगणघाट, कापूस आणि सरकीची वाहतूक

सीएनजीवाली जुनी गाडी दाखवत असतील, तर टाकीवरची प्लेट पाहा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं टाकीची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख उलटली असेल तर गॅस भरून मिळत नाही. गावापासून सीएनजी पंप किती लांब आहे तेही मोजा.

कापसासाठी उंच जाळी चढवलेल्या गाडीत डाल्याचे कोपऱ्यातले खांब पाहा. कापूस हलका असतो, पण उंच भरलेला माल वळणावर खांब बाहेर ढकलतो. मागचं फाळकं उघडून पुन्हा लावा. कडी एका हातानं बसली पाहिजे. लाथ मारून बसवावी लागत असेल तर डाला वाकलेला आहे, आणि मग डाल्याखालचे यू-बोल्ट एकेक करून पान्यानं तपासा.