गुणकर्मावर आधारलेले चातुर्वर्ण्य आज शक्य आहे का?

प्रश्न: गीतेच्या चौथ्या अध्यायात चातुर्वर्ण्य गुणकर्मांनुसार सांगितले आहे. जन्माचा निकष वगळून तशी समाजरचना आज उभारता येईल का?

प्रतिसाद १: गुण ठरवणार कोण? माणसांचे चारच कप्पे करता येत नाहीत आणि केले तरी ते टिकवण्यासाठी दंडशक्ती लागते, हा डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलेला आक्षेप मला आजही निरुत्तर करणारा वाटतो.

प्रतिसाद २: सहमत. कोल्हापुरात प्रत्यक्ष छत्रपती असलेल्या शाहू महाराजांनाही वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी धार्मिक विधी करवून घेण्याचा, अधिकार नाकारला गेला, तिथे गुणकर्मांची कसोटी कुणी लावली होती? त्याच महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या.

प्रतिसाद ३: वर्ण बाजूला ठेवून आपण आश्रमांचा, म्हणजे आयुष्याच्या चार टप्प्यांचा, विचार करावा. वानप्रस्थाची वृत्ती, म्हणजे वेळेवर अधिकार सोडणे, कुणालाही स्वेच्छेने आचरता येते आणि संविधानाच्या समतेशी तिचा विरोध नाही.