मदत हवी आहे: कॉक्लिअर इम्प्लांट झालंय, पण मुलगा सारखा पडतो

सायली_के: मुलाचं इम्प्लांट झालंय (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र), मॅपिंग म्हणजे त्याचं सेटिंग नियमित आहे, शब्दही यायला लागलेत. पण सपाट जमिनीवर चालताना धडपडतो, अंधार पडला की जास्तच. ऑडिओलॉजिस्ट म्हणतात मशीन ठीक आहे, बालरोगतज्ज्ञ म्हणतात वाट बघा. अजून किती बघायची? कोणाला दाखवू, प्लीज लवकर सांगा.

निनाद७: वय काय? चालायला कधी लागला? पडणं ऑपरेशनच्या आधीपासून की नंतर?

अनघाची_आई: नजरेला नजर देतो का? माझ्या लेकीला इम्प्लांटनंतर ऑटिझम निघाला. लगेच असेसमेंट करून घ्या.

निनाद७: अहो, त्या पडण्याबद्दल विचारतायत.

अनघाची_आई: माहितीये. आम्हालाही सगळे कानामुळेच आहे म्हणत राहिले आणि वर्षं गेली, म्हणून जीव तोडून सांगतेय.

सायली_के: पाच वर्षांचा आहे. नजर देतो. दीड वर्षाचा होऊन गेल्यावर चालला, अडखळणं आधीपासूनच.

फिजिओ_रेवती: आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारा भाग असतो, तो कमजोर असला तर मूल डोळ्यांच्या भरवशावर चालतं आणि अंधारात गडबडतं. वेस्टिब्युलर टेस्ट, म्हणजे या तोलाच्या भागाची तपासणी करा. सोबत रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदाही तपासा, कारण अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराच्या टाइप 1 मध्ये जन्मापासून बहिरेपणा, उशिरा चालणं आणि पुढे रातांधळेपणा असं एकत्र येतं. जीन टेस्ट झालीये का?

मंदार_प: उगाच घाबरवू नका हो त्यांना. पोहायला घाला, आमच्याकडे त्यानेच फरक पडला.

फिजिओ_रेवती: पोहणं नको म्हणत नाही, पण तोल नसलेल्या मुलाला पाण्याखाली वर कुठे खाली कुठे हेच कळत नाही. हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. सायली, पडताना शुद्ध जाते का?

सायली_के: जीन टेस्ट नाही झाली. शुद्ध नाही जात, म्हणजे एकदा पळता पळता पांढराफटक पडून कोसळला होता, थोडा वेळ हाकेला ओ दिली नाही, आम्हाला वाटलं दमला असेल.

फिजिओ_रेवती: हे आधी सांगायला हवं होतं! आजच डॉक्टरांना फोन करा आणि ईसीजी काढून घ्या, तोवर पळापळ आणि पोहणं बंद. जन्मजात बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्यांचा दोष असू शकतो, जर्व्हेल लँग-नील्सन म्हणतात, त्यात पळताना किंवा दचकल्यावर मूल कोसळतं. ईसीजीत क्यूटी (ठोक्याचा एक ठरावीक कालावधी) मोजायला आवर्जून सांगा.

सायली_के: लगेच करते. प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेरचा भाग) काढायचा का?

निनाद७: ईसीजीला गरज नाही. एमआरआय सांगितला तर मात्र इम्प्लांटमध्ये चुंबक आहे हे आधी सांगा.