मदत हवी आहे: लग्नाचे फोटो ठेवायला कुठलं क्लाउड घेऊ?

मंडळी, साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो. रॉ फोटो (कॅमेऱ्यातून जसेच्या तसे आलेले, मोठ्या फाइलींचे) आणि व्हिडिओ धरून एका लग्नाचे सहज दीडशे-दोनशे जीबी होतात. गेल्या आठवड्यात हार्डडिस्क टेबलावरून पडली, आता लावली की नुसती टकटक वाजते. नशीब, तिच्यात ज्यांचे फोटो होते त्या लोकांचा अल्बम आधीच पोचला होता!

गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंतच संपलेत. वनड्राइव्हवर ५, ड्रॉपबॉक्सवर २. तेवढ्यात हळदसुद्धा मावायची नाही. शिवाय सिंक (लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, लॅपटॉपवरून चुकून उडवलं की काही दिवसांनी तिकडच्या कचरापेटीतूनही जातं.

बॅकब्लेझ बी२ (पैसे भरून फाइली ठेवायचं क्लाउड) किंवा तसलं काही कुणी वापरतंय का? घरच्या फायबरवर एक लग्न चढवायला किती रात्री जातात? आणि एखाद्या महिन्यात पैसे भरायचे राहिले, तर फाइलींचं काय होतं?