दुधी बोटाएवढा होऊन गळतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गच्चीवर ड्रममध्ये दुधीचा वेल लावलाय, मांडवभर पसरलाय. याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर (जिच्यामागे इवलासा दुधी असतो) मीच फिरवते. फळ धरतं, पण बोटाएवढं झालं की टोचल्याचा डाग, त्यातून डिंक, मग वाकडं होऊन पिवळं पडतं. फळमाशीच असणार. दुकानदार आंब्यावरच्या फळमाशीसाठीचा मिथाइल युजेनॉलचा (वासाने नर माश्यांना ओढणारं रसायन) सापळा गळ्यात मारत होता. वेलभाज्यांना क्यू ल्यूर (त्यांच्यावरच्या माशीसाठीचं वेगळं आमिष) लागतं ना? एकाच वेलासाठी सापळा लावला तर आजूबाजूच्या माश्या उलट इकडेच येतील का? की फळ धरल्याबरोबर कागदी पिशवी बांधू? विषारी फवारणी नकोय, आम्ही सालीचीही चटणी करतो.